शहरालगतच्या जंगलात पहिल्यांदा दिवसभर चालायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही नवरा-बायको, दोघंही चाळिशीतले, रोज तासभर चालतो. शहराच्या कडेच्या जंगलातून जाणारी १४ किलोमीटरची एक गोल वाट नकाशावर सापडली आहे, एकूण चढ ७०० मीटर. किती वाजता निघावं, सोबत काय घ्यावं, दोघांनीच गेलं तर चालेल का, आणि वाट चुकलीच तर काय करावं?

मी बरीच वर्षं लोकांना जंगलातल्या वाटांवर घेऊन जातो आणि वाट चुकलेल्यांना शोधायलाही जातो. रोज चालणाऱ्याची तब्येत या वाटेला पुरते. दोघांनी जायलाही हरकत नाही. सांभाळायची आहे ती एक गोष्ट: दिवसभरात कुठल्याही क्षणी आल्या वाटेने परत फिरता येईल एवढा वेळ, उजेड, पाणी आणि दम शिल्लक असायला हवा. मी ज्यांना शोधायला गेलो त्यांच्यातले बहुतेक धडधाकट होते. त्यांना मागे फिरायचं सुचलं तेव्हा फिरायला उजेड उरला नव्हता.

म्हणून आधी वेळेचं बोलू. रस्त्यावर चालायची सवय असलेल्याला १४ किलोमीटर म्हणजे तीन तास वाटतात. जंगलात तो हिशेब चालत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला आडाखा अजूनही जगभर वापरतात: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात ते साधारण ४.८ किलोमीटर आणि ६१० मीटर होतं. तुमच्या वाटेला हा आडाखा लावला तर अंतराचे तीन तास आणि चढाचा एक तास दहा मिनिटं, म्हणजे चार तासांच्या आसपास. पण हा वेग सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. झाडांची मुळं, सुटे दगड, ओला पालापाचोळा अशा वाटेवर नवख्याने त्याची दीडपट धरावी. झाले सहा तास. खाणं, पाणी, फोटो, बुटातला खडा काढणं यांत मिळून एक तास सहज जातो. वाट एकदा तरी चुकणार आणि ती शोधण्यात अर्धा तास जाणार, हेही आधीच धरून ठेवा. सकाळी सातला चालायला लागलात तर अडीचच्या सुमारास बाहेर याल. दहाला निघालात तर साडेपाच वाजतील, आणि कुणाचा पाय जरा मुरगळला तरी अंधार गाठेल.

झाडाखाली अंधार सूर्यास्ताच्या बराच आधी पडतो. घनदाट सदाहरित जंगलात वरच्या उजेडातला शेकडा एक-दोन भागच जमिनीपर्यंत पोहोचतो. बाहेर उघड्यावर पेपर वाचता येत असतो तेव्हा आत दगड कुठला आणि मूळ कुठलं हे दिसेनासं झालेलं असतं. त्यात तुम्ही डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर असाल तर सूर्य आधीच डोंगराआड गेलेला असतो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी जंगलाबाहेर, असं धरून मागे मागे मोजत या. निघायची वेळ आपोआप ठरते.

आता गोल वाटेबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या खेपेला ती करू नका. गोल वाटेवर निम्म्याच्या पुढे गेलात की मागे फिरणंही लांबचं होतं आणि पुढची वाट तर पाहिलेलीच नसते. नेमक्या त्याच वेळी पाय थकलेले असतात. पहिल्या वेळी सहा-सात किलोमीटर आत जा आणि त्याच वाटेने परत या. तेवढंच चालणं होतं, जंगल तेच असतं, आणि येताना प्रत्येक वळण ओळखीचं लागतं. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने आत शिरा. दोन्ही बाजू पायाखालून गेल्या की मग गोल वाट करा. एवढं सांगूनही गोलच करायची असेल तर घरूनच एक जागा आणि एक वेळ ठरवून निघा: अमुक खिंडीत साडेदहापर्यंत पोहोचलो नाही, तर तिथून परत. ही वेळ घरी ठरवायची, कारण जंगलात 'आता थोडंच राहिलं' हे वाक्य कुणाच्याही तोंडून येतं आणि दुसऱ्याला ते मोडवत नाही.

शहराजवळच्या जंगलाची खरी अडचण वेगळीच असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दूरच्या रानात बहुधा एकच वाट असते. ती सुटली की पुढे झाडोरा आडवा येतो आणि सुटल्याचं लगेच कळतं. शहरालगत मात्र वाटाच वाटा असतात. गुरं चारणारे, पहाटे पळायला येणारे, सायकलवाले, कड्याच्या टोकावर फोटो काढायला जाणारे, प्रत्येकाच्या पायांनी एकेक वाट पाडलेली असते. चुकीच्या वाटेवरही तुम्ही अर्धा तास आरामात चालता, कारण पायाखाली वाट असते. आणि मग ती एखाद्या कड्यापाशी किंवा गुरांच्या पाणवठ्यापाशी संपते.

हे जास्त करून उतरताना घडतं, याचं कारण डोंगराच्या रचनेत आहे. चढताना सगळ्या सोंडा वर एकमेकींना मिळतात, त्यामुळे कुठूनही चढलात तरी माथ्याकडे जाता. बाजूने येऊन मिळणाऱ्या वाटा तुमच्या लक्षातही येत नाहीत, कारण त्या पाठीमागून येऊन मिळतात. उतरताना हीच प्रत्येक जोडणी फाटा होऊन समोर उभी राहते. सकाळी जिथे एकच वाट होती तिथे आता दोन दिसतात आणि दोन्ही तेवढ्याच मळलेल्या. म्हणून चढताना दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, पूर्ण मागे वळा आणि परत येताना जे दिसणार आहे ते बघून घ्या. दुसरी वाट येऊन मिळालेली दिसली की मागे तोंड करून एक फोटो काढा आणि आपण डावीकडून आलो की उजवीकडून, हे मोठ्याने एकमेकांना सांगा. मोठ्याने बोललेलं लक्षात राहतं, आणि दोघांपैकी एकाला तरी आठवतं.

वाट माणसांची की जनावरांची, हे ओळखायला शिका. माणसांची वाट डोक्यापर्यंत मोकळी असते, कारण जाणारा-येणारा तोंडावर येणाऱ्या फांद्या मोडत जातो. गुरांची किंवा रानडुकरांची वाट पायाखाली छान स्वच्छ दिसते, पण कमरेच्या वर फांद्या अंगाला लागू लागतात. दहा पावलांत दोनदा वाकावं लागलं तर तिथेच थांबा. पालापाचोळ्याकडेही बघा. रोजच्या वाटेवरची पानं चुरलेली, मातीत दाबली गेलेली असतात. वाट सुटली की ती सुटी, फुगलेली, पायाखाली कुरकुरणारी होतात. वाटेत आडव्या आलेल्या मुळांची साल बुटांनी घासून गुळगुळीत झालेली असते, क्वचित चकाकतेसुद्धा. वाट सोडून गेलेल्या मुळांवर शेवाळ तसंच असतं. दुपारी तोंडावर कोळ्याची जाळी लागायला लागली तर त्या वाटेने सकाळपासून कुणी गेलेलं नाही. पहाटे मात्र हा पुरावा धरू नका, तेव्हा सगळ्याच वाटांवर जाळी असतात. यातल्या एकाच खुणेवर विसंबू नका. दोन-तीन खुणा एकदम बदलल्या की समजा, वाट मागे राहिली.

मग काय करायचं? थांबायचं, पाणी प्यायचं आणि जिथे आपण नक्की वाटेवर होतो त्या शेवटच्या जागेपर्यंत उलट चालत जायचं. सापडलेल्या लोकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते: शंका बरीच आधी आली होती, पण वाटलं पुढे वाट मिळेल. ते 'पुढे मिळेल' फार महागात पडतं. दहा मिनिटं पुढे गेलेला माणूस दहा मिनिटांत परत येतो. तासभर झाडीतून आडवातिडवा गेलेल्याला आपण नेमके कुठून आलो हेच सांगता येत नाही.

आणि 'सरळ एका दिशेने चालत राहू' हा विचार तर मनातून काढूनच टाका. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना जर्मनीतल्या बीनवाल्ड या सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसवर त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेल्या दिवशी जंगलात चालणारे गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत आले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधून चालणाऱ्यांचे वेढे तर कधी २० मीटर व्यासाइतके लहान निघाले. दिशेचा अंदाज चांगला आहे असं स्वतःबद्दल मानणाऱ्यालाही बाहेरची खूण लागते. झाडीत ती दिसत नाही.

'ओढ्याने खाली उतरलं की वस्ती लागते' हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. सपाट मुलखात तो खरा ठरूही शकतो. डोंगरउतारावर ओढा सगळ्यात कमी अंतराने खाली जातो, म्हणजे कड्यावरून उडी टाकत जातो. तुम्ही एक ओला टप्पा कसाबसा उतरता, तो परत चढता येण्यासारखा नसतो, आणि पुढचा टप्पा उतरता येण्यासारखा नसतो. शोधकार्यात माणसं अशा ठिकाणी अडकलेली सापडतात. पाण्याच्या आवाजात त्यांची हाकही वर पोहोचत नाही. रात्री शहराचे दिवे दिसतात म्हणून त्या रोखाने सरळ उतरणं हाही तोच प्रकार. दिवे जवळ दिसतात, मधला कडा दिसत नाही.

शेवटची ओळखीची जागा अर्ध्या तासात सापडली नाही किंवा उजेड जायला लागला, तर हलू नका. मोकळ्या, कोरड्या जागी बसा, असतील तेवढे कपडे चढवा आणि शिट्टी वाजवा. आल्प्समधून आलेला संकेत मिनिटाला सहा शिट्ट्यांचा आहे: दर दहा सेकंदांना एक, मग मिनिटभर शांत, मग पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात. उत्तर अमेरिकेत मदतीसाठी तीनच वाजवतात. आकडा विसरलात तरी ठरावीक अंतराने वाजत राहिलेली शिट्टी कानावर पडली की शोधणाऱ्याला कळतं. घसा एका तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते.

फोन हे फार चांगलं साधन आहे, फक्त त्याचा उपयोग समजून घ्या. त्यातल्या जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर पांढऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा दिसतो. नकाशा घरी उतरवा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तो उघडतो का ते बघा. जंगलातही फ्लाइट मोडच ठेवा. रेंज अर्धवट असली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. दाट झाडीत आणि अरुंद घळीत ठिपका काही मीटर इकडेतिकडे सरकतो, म्हणून फाट्यावर उभं राहून वीस मीटरवरच्या दोन वाटांपैकी आपण कुठल्या हे तो खात्रीने सांगू शकत नाही. शंभर पावलं जा, मग बघा. रेषेपासून लांब सरकत असाल तर परत या. अडचणीत फोन लागत नसेल तर मेसेज करून बघा, कारण कॉलला पुरत नाही एवढ्या रेंजवरही मेसेज निघून जातो. ११२ हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळाल्यास लागतो.

हे सगळं असूनही घरी एका माणसाला लिहून पाठवा: कुठून आत शिरणार, कुठली वाट, किती वाजता बाहेर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. शेवटचा मुद्दा लोक गाळतात. त्यामुळे घरचे रात्री दहापर्यंत 'येतीलच आता' म्हणत बसतात आणि शोध दुसऱ्या दिवसावर जातो.

सामानाबद्दल थोडक्यात. दोघांत दोन सॅक घ्या, एक नको. एकाच सॅकमध्ये सगळं असलं आणि दोघं वेगळे झालात, तर एकाच्या हाती काहीच उरत नाही. प्रत्येकाकडे हेडलॅम्प, शिट्टी, अंगावर घ्यायचा एक जादा थर आणि पावसापासून आडोसा असावा. हेडलॅम्प दिवसाच्या चालण्यालासुद्धा लागतो, या बाबतीत मी ऐकून घेत नाही. फोनच्या टॉर्चने उतरणाऱ्याचा एक हात अडकतो आणि मदत मागायची बॅटरीही संपते. मध्यम उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरा, म्हणजे माणशी तीन ते साडेतीन लिटर. उकाड्यात आणि चढावर जास्त. नुसतं पाणी ढसाढसा पीत राहणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, रक्तातलं सोडियम खाली येतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. पाण्याबरोबर खारट काहीतरी खात राहा. भर उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा पाय लटपटू लागले, तर तो नुसता थकवा समजू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी मदत बोलवा. उष्माघातात शरीर किती लवकर थंड होतं यावर सगळं असतं.

पायांकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. नवे बूट घालून जाऊ नका. पायांची नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटून ती काळीनिळी होतात. टाचेला किंवा करंगळीला चटका जाणवला की त्याच क्षणी बसा, मोजा काढा, कोरडं करा आणि चिकटपट्टी लावा. चटका जाणवल्यापासून फोड यायला अर्धा तासही लागत नाही, आणि फोड आला की चाल बदलते, चाल बदलली की गुडघा दुखतो. मोजे सुती नकोत, ते ओले झाले की ओलेच राहतात. उतारावर पावलं लहान टाका आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, त्यामुळे चढापेक्षा उतारच दुसऱ्या दिवशी जास्त आठवतो, आणि घसरून पडणंही जास्त करून तिथेच होतं.

पाय मुरगळला तर फार हलवाहलव न करता चार पावलं टाकता येतात का ते बघा. येत असतील आणि घोट्याच्या हाडावर दाबून दुखत नसेल, तर मोडल्याची शक्यता कमी असते. बूट काढू नका, दोर घट्ट करा आणि काठीच्या आधाराने आल्या वाटेने परत फिरा. चार पावलंही पडत नसतील तर दोघांनी तिथेच थांबून मदत मागायची. रेंजच नसेल तरच एकाने जायचं. तेही दिवसाउजेडी, माहीत असलेल्या वाटेने, आणि जखमी माणसाकडे पाणी, उबदार कपडे, शिट्टी ठेवून.

वीज कडाडू लागली तर आधी सोंडेवरून आणि मोकळ्या माथ्यावरून खाली या. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, त्यापेक्षा बुटक्या झाडांच्या गर्दीत बरं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास वर जायचं नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा वरच्या अंगाला पाऊस झाला तर दुपारी मांडीपर्यंत येतो, आणि पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या वाहत येऊ लागल्या, तर ओलांडू नका. अशा पाण्याला बहुतेक वेळा काही तासांत ओहोटी लागते, तेवढं बसून राहायची तयारी असावी.

दोघांनी चालायचं तर वेग सावकाश चालणाऱ्याचा ठेवा, आणि तो चालणारा पुढे राहू द्या. पुढचा भराभर जाऊन थांबतो, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि पोहोचताच पुढचा निघतो. अशाने ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. शौचाला वाट सोडून जाताना दुसऱ्याने वाटेवरच उभं राहायचं आणि आवाज देत राहायचं. सॅक सोबत न्यायची. हे फार बारीक वाटेल, पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲपलेशियन ट्रेलवर, मेन राज्यात, एकटी चालणारी एक महिला याच कारणासाठी वाटेपासून बाजूला गेली आणि तिला वाट परत सापडली नाही. तिने लिहिलेले मेसेज रेंजअभावी पोहोचलेच नाहीत. तिचे अवशेष २०१५ मध्ये मिळाले.

घरी पोहोचलात की आधी कळवून ठेवलेल्या माणसाला फोन करा, मग अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू आणि कानामागे गोचीड आहे का ते बघा. असली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. जाळू नका, तेल लावू नका. मग फोनवर नोंदलेला माग उघडा आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला नेस्मिथच्या वेळेने भागा. दीडपट येते, पावणेदोनपट येते की सव्वापट, तो तुम्हा दोघांचा आकडा. पुढच्या वाटेचा हिशेब त्या आकड्याने करा.